बाईंचा उजवा

पहिलीच्या बाई रिक्षात बसल्या आणि ‘उजवीकडे घ्या’ म्हणाल्या, की गावातले जुने रिक्षावाले मुकाट्याने डावीकडे घ्यायचे. नवा कुणी असला तर मात्र पंचाईत. एका नव्या पोराने बाईंचा शब्द प्रमाण मानला आणि त्यांना थेट लाकडाच्या वखारीत नेऊन उभं केलं. वर तो बाईंनाच विचारतो, आता पुढे कुठे? बाई म्हणाल्या, मी सांगते तसं तुला जाता येत नाही का? भांडण चांगलंच रंगलं असतं, पण वखारीचा मालक लहानपणी बाईंच्याच वर्गात होता. त्याने रिक्षावाल्याला बाजूला घेऊन कानात दोन शब्द सांगितले, आणि रिक्षा बरोबर घरी पोचली.

आता कुणी म्हणेल, केस पांढरे होईस्तोवर पहिलीला शिकवलेल्या बाईला डावं-उजवं कळू नये? अहो, शिकवलं म्हणूनच तर ही पाळी आली. पहिलीचं मूल कानाने शिकत नाही, डोळ्यांनी शिकतं. बाई करतील ते करतं. बाईंचं तोंड वर्गाकडे. त्यांनी आपला उजवा हात वर केला की समोरची पोरं त्याच बाजूचा, म्हणजे आपला डावा, वर करणार आणि त्यालाच उजवा म्हणून बसणार. म्हणून नोकरीच्या पहिल्याच वर्षी बाईंनी युक्ती काढली. तोंडाने ‘उजवा’ म्हणायचं आणि वर करायचा डावा, घड्याळ बांधलेला. सगळा वर्ग बिनचूक उजवे हात वर करी. शाळा तपासायला आलेले अधिकारीसुद्धा खूश होऊन गेले होते.

आणि हे डावं-उजवं काही हौसेचं प्रकरण नाही. ज्या मुलाला ते कळत नाही त्याचा तीन आणि सहा यांचा घोळ आयुष्यभर संपत नाही. ३ लिहायला सांगावं तर ६ काढून मोकळं. बाई शिकवायच्या, तीनचं तोंड डावीकडे, सहाचं तोंड उजवीकडे. दोघं पाठीला पाठ लावून रुसून बसले की छत्तीस, समोरासमोर येऊन गप्पा मारायला लागले की त्रेसष्ट. बाईंच्या वर्गातून निघालेलं मूल बाकी कशातही गटांगळ्या खाईल, पण तीनच्या जागी सहा लिहिणार नाही, अशी त्यांची ख्याती होती.

फक्त सवय वर्गात राहिली नाही, ती घरी आली. समोरासमोर उभ्या माणसाला बाई कधीच चुकीचं सांगत नसत, घोळ व्हायचा तो बरोबरीने चालणाऱ्याशी. म्हणजे मुख्यतः नवऱ्याशी. नवरा शिंपी होता, आणि गंमत अशी की त्या घरात शिक्षिका बाई असूनही ‘मास्तर’ म्हणून हाक मारत ती शिंप्याला. मास्तरांनी एकदा कपाटापुढे उभं राहून साखर कुठली विचारलं, बाई शेजारून म्हणाल्या उजवीकडची बरणी, आणि मास्तर मिठाचा चहा प्यायले. तेव्हापासून ते प्रत्येक वेळी विचारून घ्यायचे, तुझा उजवा की माझा? हा प्रश्न ऐकला की बाईंचा पारा चढायचा. उजवा हा उजवा असतो, त्यात तुझा-माझा काय, असं त्या ठणकावून सांगायच्या आणि सांगताना डावा हात हलवायच्या.

तर असं सगळं सुखात चाललं होतं, आणि शाळेने नवी इमारत बांधली.

इमारत झकास होती. पण गावाबाहेर, मोठा चौक ओलांडून पलीकडे माळावर. सकाळची बस तिथे पोचायची ती घंटा होऊन गेल्यावर, आणि एवढ्या लांब रोज यायला रिक्षावाले तयार नव्हते. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाईंनी, सर्व शिक्षिकांना बोलावून सांगितलं की नव्या जागेत पहिली सकाळी भरणार. ज्यांना घंटेआधी पोचता येणार नाही त्यांनी दुपारची चौथी घ्यावी, आणि सुट्टी लागायच्या आत काय ते कळवावं.

चौथी म्हटल्यावर बाईंनी कानांवर हातच ठेवले. चौथीची मुलं काय, अर्धी वकील. ‘बाई, पुस्तकात असं नाही दिलंय’ म्हणणारी. त्यांना वाचता येतं, लिहिता येतं, शिंकरता येतं, बुटाची नाडी बांधता येते. त्यांना बाई कशाला लागतात? बाईंचा जीव गुंतला होता तो पहिलीत. घ आणि र अशी दोन वेगवेगळी अक्षरं कित्येक दिवस नुसती ओरडणारं मूल एका सकाळी अचानक थांबतं, त्यांच्याकडे बघतं आणि हळूच म्हणतं, ‘घर?’ त्या वेळी त्याचा चेहरा जो होतो, त्यासाठी बाई नोकरी करत होत्या. पगार आपला बरोबर येत होता एवढंच. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

घरी लेकीची जुनी स्कूटर होती. लेक लग्न होऊन गेली तेव्हापासून ती गोणपाटाखाली पडून होती. बाईंनी गोणपाट ओढलं आणि जाहीर केलं की आपण स्कूटर शिकणार. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या, बायकोकडे बघितलं, स्कूटरकडे बघितलं आणि टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या.

पण चालवायला बाई झटक्यात शिकल्या, हे त्यांच्या शत्रूनेही कबूल केलं असतं. तोल उत्तम, ब्रेक वेळेवर, वेग जेमतेम. संध्याकाळी मैदानावर मास्तर मागे धावायचे, ते दोन-चार दिवसांत थांबले आणि कट्ट्यावर बसून काजं करायला लागले. मोकळ्या मैदानात कुठेही वळलं तरी चालतं, त्यामुळे खरी गोम कुणाच्या लक्षात आली नाही. बाई लायसन्सच्या परीक्षेला गेल्या त्या पेढे वाटायच्याच तयारीने.

परीक्षा घेणारे साहेब जाडजूड मिशांचे आणि कमी बोलणारे होते. रांगेत सगळी कॉलेजची पोरं, त्यांच्यामध्ये पदर खोचून बाई. साहेब मागून ओरडले, खांबापाशी उजवीकडे वळा. बाईंनी डावा दिवा लावला, डावा हात दाखवला, मागे बघितलं आणि डावीकडे असं काही सुरेख वळण घेतलं की रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी नापास केलं. बाईंनी वाद घातला. साहेबांनी त्यांना कोण बरोबर ते रांगेतल्या पोरांना विचारायला सांगितलं, आणि पोरांनी माना खाली घातल्या.

दुसऱ्या खेपेला बाईंनी डोकं चालवलं. सगळं या घड्याळामुळे होतंय, असं ठरवून त्यांनी ते काढून पर्समध्ये टाकलं. झालं, दोन्ही हात सारखेच दिसायला लागले. साहेब म्हणाले डावीकडे, बाई खांबापाशी थांबल्या, या हाताकडे बघितलं, त्या हाताकडे बघितलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. मागची पोरं हॉर्न वाजवायला लागली. शेवटी साहेबच चालत आले.

‘बाई, तुम्ही शाळेत शिकवता ना?’

‘हो.’

‘काय शिकवता?’

बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती. ‘सध्या आकडे चालू आहेत,’ त्या म्हणाल्या, ‘पण मुख्य म्हणजे डावं-उजवं.’

साहेबांनी कपाळाला हात लावला. तिसऱ्यांदा नापास झालात तर पुन्हा नंबर लागेपर्यंत शाळा सुरू झालेली असेल, एवढं सांगून त्यांनी पुढच्याला बोलावलं.

त्या दिवशी बाई घरी आल्या आणि चहा न पिता बसून राहिल्या. मास्तर एका गिऱ्हाइकाच्या कोटाला बाही लावत होते. बाईंनी न राहवून विचारलं, गिऱ्हाईक तोंडासमोर उभं राहतं, त्याचं मापही समोरूनच घेता, मग तुमच्या बाह्या कशा उलट्या लागत नाहीत? मास्तर म्हणाले, माप घेताना त्याचा उजवा धरायचा. मग ते गिऱ्हाईक जातं.

‘मग?’

‘मग काय. ते गेलं की त्याचा उजवा पण जातो. तुझी पोरं जातच नाहीत. शाळा सुटते, तू घरी येतेस, जेवतेस, झोपतेस, आणि ती आपली समोर बसलेलीच. त्यांच्याकडे जरा पाठ कर.’

बाई भडकल्या. पहिलीच्या वर्गाकडे पाठ? शिंप्याला काय कळतंय. पहिलीच्या शिक्षिकेचा एकच नियम असतो, आणि तो म्हणजे पाठ करायची नाही. पाठ केली की कुणी खडू खातं, कुणी शेजारणीची वेणी बाकाला बांधतं, कुणी खिडकीत चढतं. बाई फळ्यावर लिहायच्या तेसुद्धा मान वर्गाकडे ठेवून. मुलांची रांग नळावर पाणी प्यायला न्यायच्या ती स्वतः उलट्या पावली चालत. त्यामुळे त्यांच्या नावावर दोन कुंड्या आणि एक शिपाई जमा होता. एवढं सगळं बाई बोलल्या, चहा प्यायल्या आणि रात्रभर त्याच गोष्टीचा विचार करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी गजर सुरू केला, डावा, उजवा, डावा, आणि मग अंगात आल्यासारखी गिरकी घेऊन फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मागे गलका होईल म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले होते. पण असं काही झालं नाही. वर्ग चिडीचूप. मग मागून एक बारीक आवाज आला, बाई, तुम्ही रडताय का? दुसऱ्याने कबूल करून टाकलं की खडू मी खाल्ला, पण अर्धाच. तिसरा म्हणाला आम्ही पुन्हा करणार नाही. काय केलं ते त्याला ठाऊक नव्हतं, पण वातावरण तसं होतं. बाईंना हसू फुटलं. त्यांनी तशीच पाठ ठेवून सगळं सांगून टाकलं, की बाईंना परीक्षा आहे, बाई दोनदा नापास झाल्यात आणि बाईंना उजवा हात सापडत नाही.

वर्गाने बाईंना डोक्यावर घेतलं. बाई नापास होतात यासारखी आनंदाची बातमी त्या वर्षात दुसरी आली नव्हती. प्रत्येकाकडे उपाय होता. एक म्हणाला, पेन्सिलीचा हात तो उजवा. त्यावर पहिल्या बाकावरच्या डावखुऱ्या मुलीने त्याला वेड्यात काढलं, आणि खूण सांगितली ती आपल्या हलत्या दाताची. हलणारा दात डावीकडे. एकाची खपली उजव्या गुडघ्यावर होती, आणि ती पडू नये म्हणून तो गेला आठवडाभर लंगडत चालत होता. बाईंना ना हलता दात, ना खपली. तेव्हा ठरलं असं, की बाईंनी पाठ करून हात वर करायचा आणि चुकला की वर्गाने सांगायचं.

‘उजवा,’ बाई म्हणाल्या आणि सवयीने घड्याळाचा हात वर गेला.

‘चूक!’ सगळा वर्ग ओरडला.

त्या आठवड्यात बाईंनी जेवढा मार, म्हणजे शब्दांचा मार, खाल्ला तेवढा त्यांनी आयुष्यभरात मुलांना दिला नसेल. डावखुरी मुलगी फार कडक होती. एकदा बरोबर आल्यावर बाईंनी मागे वळून शाबासकीसाठी बघितलं, तर ती म्हणाली, पुढे बघा, अजून सुट्टी झालेली नाही. नळावर जाताना बाई आता पुढे तोंड करून चालायला लागल्या, मागे एकमेकांचे सदरे धरून सगळी रांग, आणि शेवटच्या टोकावरून हुकूम सुटायचा, बाई, डावीकडे. मोठ्या बाईंनी खिडकीतून ही मिरवणूक पाहिली. सुट्टी जवळ आली की सगळ्यांचंच असं होतं, असं त्यांना वाटलं असावं.

खपलीवाल्याने त्यातून एक शोध लावला. बाईंचं तोंड आमच्याकडे होतं तेव्हा आपण त्रेसष्ट होतो, तो म्हणाला. त्याने फळ्यावर येऊन ६ आणि ३ काढून दाखवले, हा मी आणि ह्या तुम्ही. आता बाईंचं तोंड तिकडे, आमचं पण तिकडे. म्हणून त्याने शेजारी ३३ काढले. दोन्ही तीन एकाच दिशेला बघत होते. बाई त्या आकड्यांकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत मुलांशी आपण एकदाही तेहतीस झालो नाही, हे त्यांच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

तिसऱ्या परीक्षेला बाई घड्याळ घालून गेल्या. पाचावर धारण बसली होती. ही परीक्षा गेली की पहिली गेली, एवढं एकच डोक्यात घोळत होतं. साहेबांनी नाव पुकारलं. बाईंनी स्कूटर चालू केली आणि सगळा वर्ग मनातल्या मनात मागे घेतला, सदरे धरून, सगळ्यांची तोंडं पुढे. ‘तेहतीस, तेहतीस,’ असं पुटपुटत त्या खांबापाशी पोचल्या. साहेब ओरडले, उजवीकडे. घड्याळाचा हात वर यायला निघाला होता, तेवढ्यात मागून बारीक आवाजात कुणीतरी ‘चूक’ म्हणाल्याचं त्यांना स्वच्छ ऐकू आलं. बाईंनी हात खाली घेतला, दुसरा काढला आणि उजवीकडे वळल्या. मग डावीकडे. मग पुन्हा डावीकडे आणि उजवीकडे. साहेबांचा विश्वास बसेना, त्यांनी आणखी दोन वळणं घ्यायला लावली.

‘या वेळी पाठ करून आलात वाटतं,’ ते म्हणाले.

‘हो, पाठ करूनच आले,’ बाई म्हणाल्या.

वर्गाला ही बातमी कळली तेव्हा खिडकीच्या काचा हादरल्या. बाई पास, मुलंही पास. ती दुसरीत गेली आणि बाईंना पहिली मिळाली.

नवी इमारत, नवा फळा, आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत नवी कोरी रडणारी मुलं. बाई रोज स्कूटरवर घंटेआधी हजर. मोठा चौक त्या असा पार करायच्या की रिक्षावाले बघत राहायचे. मुलांचं रडणं थांबलं आणि डावं-उजवं सुरू करायचा दिवस आला. बाई वर्गासमोर उभ्या राहिल्या, प्रसन्न हसल्या, म्हणाल्या, ‘उजवा हात वर,’ आणि त्यांनी आपला उजवा हात वर केला. सगळ्या वर्गाने टुणकन डावे हात वर केले.

बाई गोठल्या. त्यांनी घाईघाईने हात बदलला, मुलांनीही बदलले. पण आता कुठला खरा, हेच बाईंना ठरवता येईना. इकडचा वर केला की उद्या चौकात जीव जाणार. तिकडचा वर केला की ही सगळी पोरं आयुष्यभर तीनला सहा म्हणणार. मग त्यांना एक सुचलं. आपण मागे जावं, मुलांच्या पाठीशी उभं राहावं, म्हणजे तोंडं एका दिशेला होतील आणि कुणालाच खोटं शिकवावं लागणार नाही. त्या बाकांमधून चालत मागच्या भिंतीपाशी गेल्या, फळ्याकडे तोंड केलं आणि उजवा हात वर केला.

सगळा वर्ग बसल्या बसल्या गर्रकन मागे वळला. कुणी बाकावर गुडघे टेकले, कुणी उलटं बसलं, आणि सगळे चेहरे पुन्हा बाईंच्या समोर. बाई खिडकीकडे सरकल्या, तर चेहरे खिडकीकडे. बाई दाराकडे गेल्या, तर चेहरे दाराकडे. फळा कुठे आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. बाई जिथे उभ्या, ती त्यांची पुढची बाजू. यांच्या मागे उभं राहायची सोयच नाही, हे बाईंना तिथे दारात कळलं, आणि कधी नव्हे ते त्यांचे डोळे भर वर्गात पाण्याने भरले. एक मुलगा घाबरून म्हणाला, बाई, आमचा चुकला का?

‘तुमचा नाही रे, माझा चुकला,’ बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले आणि घड्याळाचा हात उंच वर केला. ‘हा उजवा.’

सगळ्या वर्गाचे उजवे हात वर गेले.

त्या दुपारी शाळा सुटल्यावर बाईंनी स्कूटर फाटकाबाहेर आणली, पण चालू केली नाही. शाळेकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. घरी निघालेल्या मोठ्या बाईंनी विचारलं, स्कूटर बिघडली का?

‘नाही, तुम्ही व्हा पुढे,’ बाई म्हणाल्या. ‘मुलं अजून डोक्यातून उतरली नाहीत.’